शेजारच्या खुर्च्या



गेली काही वर्षे आम्ही ह्या मालेस मागल्या रांगेतील श्रोता म्हणून नियमाने येत आलो. ह्या खेपेस चालकांनी आम्हांस उचलून पुढे आणले आणि विषयही त्यांनीच नेमून दिला: सॉफ्टवेअरचा आणि सल्ल्याचा धंदा करणाऱ्या कंपन्यांचे चालकमंडळ. हा विषय कळल्यावर आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी, ज्यांचा येथल्या लोखंड बाजारात व्यापार आहे, आम्हांस विचारले, "अहो, ज्यांचा माल दिसत नाही आणि ज्यांना गोदाम नाही, त्यांच्या मालकांविषयी तुम्ही तासभर बोलणार तरी काय?" त्यांचा प्रश्न थट्टेचा होता, परंतु त्या थट्टेतच आजच्या विषयाचे मूळ आहे असे आम्हांस वाटते. म्हणून तेथूनच प्रारंभ करतो.

कळंबोलीत बसून ह्या विषयावर बोलणे वरवर दिसते तितके विचित्र नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो. २००२ साली तो पुरा खुला झाला, आणि सुमारे ९५ किलोमीटरचे हे अंतर आता तास-दीड तासाचे उरले. ह्या रस्त्याच्या पलीकडल्या टोकाशी, देहूरोडपासून थोड्याच अंतरावर, हिंजवडी आहे. अलीकडे महापे आणि ऐरोली आहेत, आणि त्याही पलीकडे मुंबई. सकाळी साडेसहाला नाक्यावर उभे राहून पाहावे. एका बाजूस सळया भरलेले ट्रक उभे असतात, आणि दुसऱ्या बाजूस पाठीला पिशवी लावलेली मुलेमुली कंपनीच्या बसची वाट पाहत असतात. ह्या सभेत बसलेल्या कित्येकांच्या घरून रोज एक तरी माणूस त्या बसने जात असेल. तेव्हा त्या बसच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावर, बंद दाराआड जी पाचसात माणसे बसतात, त्यांच्याविषयी बोलणे हे आपल्या घराविषयी बोलण्यासारखेच आहे.

आता आमच्या व्यापारी मित्रांच्या प्रश्नाकडे वळू. लोखंडाचा व्यापारी सळई विकतो, पत्रा विकतो. गाडी काट्यावर चढते, वजनाची पावती निघते, आणि देणारा-घेणारा दोघांनाही ती मान्य असते. माल कमी भरला तर काटा सांगतो. सॉफ्टवेअर कंपनी काय विकते? ती वचन विकते. 'अमुक महिन्यांत, अमुक पैशांत, तुमच्या बँकेची खाती सांभाळील अशी व्यवस्था आम्ही करून देऊ', असे ती म्हणते. करारावर सह्या होतात त्या दिवशी त्या व्यवस्थेची एक ओळही लिहिलेली नसते. सल्ला देणारी कंपनी तर ह्याच्याही पुढे गेली. तिचा माल म्हणजे तिच्या माणसांची अक्कल आणि त्यांचा सचोटीचा शब्द. ह्या धंद्यात काटा नाही. म्हणून काट्याचे काम माणसांना करावे लागते. ते काम ज्यांनी करावयाचे, ती माणसे म्हणजे चालकमंडळ.

ह्या मंडळात कोण कोण असते ते थोडक्यात सांगतो. एक विकणारा असतो. तो ग्राहकाकडून काम आणतो. एक करणारा असतो. आणलेले काम वेळेवर पुरे करून देण्याची जोखीम त्याच्यावर. तिसरा मोजणारा, म्हणजे वित्त सांभाळणारा. चौथा माणसे घेणारा व सांभाळणारा. आणि ह्या सर्वांच्या मध्ये पहिला माणूस, ज्याला मुख्याधिकारी म्हणतात. ह्यांच्याही वर भागधारकांच्या वतीने देखरेख करणारे संचालक मंडळ असते. कायद्याने हे दोन थर वेगळे आहेत. परंतु आजच्यापुरते आम्ही दोघांसही एकच माप लावणार आहोत.

ते माप असे. विकणाऱ्याचा स्वभाव 'हो' म्हणण्याचा असतो आणि असावाच. नाही तर काम येणार कोठून? करणाऱ्याच्या अंगी 'एवढ्या वेळात नाही होणार' असे म्हणण्याची धमक हवी, आणि मोजणाऱ्याच्या अंगी 'एवढ्या पैशांत नाही परवडणार' असे म्हणण्याची. ही भांडणे वरच्या खोलीत झाली पाहिजेत. चालकमंडळ चांगले की वाईट, हे पहिल्या माणसाच्या हुशारीवरून आम्ही ठरवीत नाही. त्याच्या शेजारच्या खुर्च्यांवरून त्याला 'नाही' ऐकू येते की नाही, आणि ते ऐकवूनही तो बोलणारा दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत असतो की नाही, ह्यावरून ठरवितो. कारण वरच्या खोलीत जे 'नाही' बोलायचे राहून जाते, त्याची किंमत खालच्या मजल्यावरची माणसे भरतात.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आम्ही स्वतः अशा एका कंपनीत पुष्कळ वर्षे काढली. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष कंपनीपेक्षा आमचाच अधिक होता. सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मोठे काम यावयाचे होते. विकणाऱ्या गृहस्थांनी ग्राहकास सहा महिन्यांची मुदत सांगून टाकली होती. काम करून देण्याची बाजू आमच्याकडे होती, आणि आमच्या हिशेबाने त्या कामास दहा महिने लागत होते. सभेत मुख्य साहेबांनी सर्वांकडे पाहून विचारले, "कोणाला काही म्हणायचे आहे का?" आम्ही समोरच्या कागदाकडे पाहत राहिलो. कोणीच काही बोलले नाही. सभा वीस मिनिटांत आटोपली, आणि सभा कशी छान झाली असे बाहेर पडताना सगळे म्हणाले.

पुढे काय झाले ते आपण ओळखलेच असेल. सहा महिने संपले तेव्हा काम अर्ध्यावर होते. मग आणखी बारा मुले त्या कामावर घातली, आणि त्यामुळे काम आणखी लांबले. हे असे का होते, ते फ्रेडरिक ब्रुक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९७५ सालीच लिहून ठेवले आहे. आयबीएम कंपनीच्या एका प्रचंड कामाची सूत्रे त्यांच्या हाती होती, आणि उशीर झालेल्या कामावर माणसे वाढविली की ते काम अधिकच उशिरा होते हा धडा त्यांनी त्या अनुभवातून काढला. नव्या माणसांस शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि जितकी माणसे अधिक तितके त्यांचे आपापसांत बोलणे अधिक. विहीर खणायला चार माणसे वाढविली तर विहीर लवकर होईल. बाळंतपण त्या हिशेबाने लवकर उरकत नाही. आमचे काम अखेर तेराव्या महिन्यात पुरे झाले.

त्या तेरा महिन्यांत मुलांनी किती रात्री कचेरीत काढल्या त्याची गणती आम्ही ठेवली नाही. एक गोष्ट मात्र विसरता आली नाही. त्यांतल्या एका मुलाच्या वडिलांना रुग्णालयात ठेवले होते. त्याने दोन दिवसांची रजा मागितली. आम्ही त्यास म्हटले, "आज जा, पण उद्या संध्याकाळी परत ये." तो आला. त्याने आम्हांस तेव्हाही काही म्हटले नाही आणि नंतरही नाही. पुष्कळ दिवसांनी आमच्या ध्यानात आले की त्याची रजा आम्ही त्या दिवशी नाकारली नव्हती. ती आम्ही सहासात महिन्यांपूर्वी, त्या वीस मिनिटांच्या सभेत, गप्प बसून नाकारली होती.

असो. स्वतःची कहाणी पुरे. आता ज्यांची नावे आपण सर्वजण ऐकून आहात, त्यांच्याकडे वळू.

इन्फोसिस ही कंपनी आज बंगळूरची म्हणून प्रसिद्ध असली तरी तिचा जन्म पुण्यात, २ जुलै १९८१ रोजी झाला. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेली सात माणसे: नारायण मूर्ती, नंदन निलेकणी, गोपालकृष्णन, शिबूलाल, दिनेश, राघवन आणि अशोक अरोरा. भांडवल दहा हजार रुपये. तेही सुधा मूर्तींच्या शिलकीतले. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली. पुढची वर्षे अशी होती की संगणक आयात करावयाचा तर परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा, आणि दूरध्वनी मिळण्यासही दीर्घकाळ थांबणे. १९८९ च्या सुमारास अरोरा बाहेर पडले. १९९० साली कंपनी विकत घेण्याची मागणी आली. रक्कम दहा लाख डॉलर. संस्थापकांपैकी पाच जण बंगळूरच्या कचेरीत विचारास बसले. ही हकिकत मूर्तींनी स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. बाकीचे थकलेले होते आणि त्यांचा कल विकण्याकडे होता. त्यांचे सगळे बोलणे होईपर्यंत मूर्ती गप्प राहिले. शेवटी त्यांनी सांगितले की ज्यांना विकावयाचे असेल त्यांचा हिस्सा आपण घेऊ, मात्र आपण स्वतः विकणार नाही. वास्तविक त्यांच्यापाशी तेवढे पैसे नव्हते. तासाभराच्या चर्चेनंतर बाकीच्यांनीही विचार बदलला.

ही गोष्ट बहुधा एका माणसाच्या हिंमतीची म्हणून सांगितली जाते. आम्ही ती निराळ्या कारणासाठी सांगत आहो. त्या खोलीत चार जणांना मोकळेपणाने 'आता पुरे' असे म्हणता आले, पाचव्याला 'नाही' म्हणता आले, आणि इतके होऊनही मंडळ फुटले नाही. मूर्ती सर्वांच्या शेवटी बोलले, ह्यासही आम्ही महत्त्व देतो. पहिला माणूस पहिल्याने बोलला की उरलेले बहुधा त्याचेच वाक्य फिरवून म्हणतात.

ह्याच कंपनीची दुसरी हकिकत १९९५ ची. एक बडा अमेरिकन ग्राहक, ज्याच्याकडून कंपनीच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा येत होता, दर कमी करा म्हणून अडून बसला. त्याच्या दरात काम केले असते तर माणसांच्या शिक्षणात आणि गुणवत्तेत कोठेतरी कात्री लावावी लागली असती. मंडळाने नकार दिला आणि काम सुरळीतपणे दुसऱ्याच्या हाती सोपवून देण्याचे मान्य केले. चौथा हिस्सा उत्पन्न गेले. त्यानंतर त्यांनी एकाच ग्राहकावर, एकाच देशावर, एकाच तंत्रावर कंपनी फार अवलंबून राहू नये म्हणून पाहणारी व्यवस्था उभी केली. म्हणजे 'नाही' म्हणण्याची पाळी पुन्हा आली तर ते म्हणता यावे, ह्याची तरतूद आधीच करून ठेवली. घरात चार दिवसांचे धान्य असेल तोच सावकारास नाही म्हणू शकतो, हे आपल्या खेड्यांतल्या माणसास वेगळे शिकवावे लागत नाही.

आता ह्याची उलटी बाजू पाहू. हैदराबादेची सत्यम कंपनी. १६ डिसेंबर २००८ रोजी तिच्या संचालक मंडळापुढे एक प्रस्ताव आला. कंपनीचे मुख्य रामलिंग राजू. त्यांच्याच घराण्याच्या दोन बांधकाम कंपन्या सुमारे एकशे साठ कोटी डॉलरला विकत घ्याव्यात असा तो प्रस्ताव. मंडळात बाहेरची नामवंत, विद्वान माणसे होती. प्रस्ताव एकमताने संमत झाला. भागधारकांनी असा गिल्ला केला की काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, राजूंनी पत्र लिहून कबुली दिली की कित्येक वर्षे कंपनीचे हिशेब फुगविलेले होते, आणि बँकेत असल्याचे दाखविलेले पाच हजार कोटींहून अधिक रुपये मुळात नव्हतेच.

श्रोतेहो, 'एकमताने' हा शब्द आपल्याकडे फार गोड मानतात. सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त लिहिताना सेक्रेटरी तो आवर्जून घालतात. आमची विनंती अशी की हा शब्द दिसला की थोडे थांबून विचारावे: सर्वांना पटले म्हणून एकमत झाले, की कोणालाच विचारावेसे वाटले नाही म्हणून? सत्यममध्ये तेव्हा सुमारे पन्नास हजार माणसे काम करीत होती. खोटे हिशेब त्यांनी लिहिले नव्हते. पण पगार होईल की नाही, घराचा हप्ता जाईल की नाही, ह्या चिंतेत ती सारी घरे पडली. पुढे सरकारने जुने मंडळ काढून नवे नेमले. त्यात दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन ही पहिली तीन माणसे होती. ह्या मंडळाने तीन महिन्यांत कंपनीस घर शोधून दिले, आणि एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्रने ती घेतली. जी कंपनी एका मंडळाने बुडविली, ती तीच माणसे, तीच यंत्रे आणि तेच ग्राहक असता दुसऱ्या मंडळाने वाचविली. चालकमंडळाचे मोल किती, ह्यास आणखी पुरावा तो कोणता हवा?

पुण्यातीलच केपीआयटीचे उदाहरण घेऊ. ह्या कंपनीचे मूळ कीर्तने आणि पंडित ह्या हिशेबतपासनिसांच्या पेढीत आहे. १९९० मध्ये सुरू झालेल्या ह्या धंद्याची धुरा रवी पंडित आणि किशोर पाटील ह्या दोन सनदी लेखापालांनी वाहिली. हिशेब तपासणारा माणूस मुळातच 'दाखवा पाहू' म्हणावयास शिकलेला असतो. २०१८ मध्ये ह्या कंपनीने मोठा निर्णय जाहीर केला. सर्वसाधारण संगणकसेवेचा धंदा बिर्लासॉफ्टबरोबर एकत्र करून वेगळा काढावयाचा आणि स्वतः मोटारगाड्यांच्या सॉफ्टवेअरवरच लक्ष ठेवावयाचे. हाती असलेल्या, चालत्या धंद्याचा मोठा भाग सोडणे म्हणजे स्वतःच्याच भूतकाळास 'नाही' म्हणणे. बाहेरच्या ग्राहकास नकार देण्यापेक्षा हा नकार अवघड असतो. कारण ज्यांनी तो धंदा उभारला ती माणसे त्याच खोलीत बसलेली असतात.

शेजारच्या खुर्च्यांची खरी परीक्षा पहिली खुर्ची रिकामी होते तेव्हा होते. जो जन्मभर मान डोलवीत आला, त्यास एके दिवशी उचलून मध्यभागी बसविले तर तो निर्णय कसा घेणार? त्याने तोपर्यंत एकही घेतलेला नसतो. उलट जो वेळोवेळी आपले मत मांडून, कधी जिंकून, कधी हरून, खोलीत टिकला, तो पहिल्या खुर्चीची उमेदवारीच करीत असतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत निघाली. फकीरचंद कोहली हे टाटांच्या वीज कंपनीतून १९६९ मध्ये तेथे आले आणि १९९६ पर्यंत त्यांनी ती चालविली. त्यांच्यानंतर आलेले रामदुराई १९७२ मध्ये साधे नवशिके म्हणून लागलेले. २००९ मध्ये चंद्रशेखरन, २०१७ मध्ये राजेश गोपीनाथन, २०२३ मध्ये कृत्तिवासन. सारे आतूनच वर आलेले. कोहलींपासून धरले तर पन्नासाहून अधिक वर्षांत पाच माणसे. हे आपोआप होत नाही. कोणीतरी दुसरी आणि तिसरी रांग जाणूनबुजून तयार केलेली असते.

पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्सची रीत निराळी. आनंद देशपांडे अमेरिकेत डॉक्टरेट करून परत आले आणि १९९० मध्ये त्यांनी ही कंपनी काढली. जवळजवळ तीस वर्षे कारभार स्वतः पाहिल्यावर २०१९ मध्ये त्यांनी मुख्याधिकाऱ्याची जागा दुसऱ्यास दिली, आणि २०२० पासून ती संदीप कालरा ह्यांच्याकडे आली. देशपांडे अध्यक्ष राहिले. ज्या रोपट्यास आपण पाणी घातले, त्याची झारी दुसऱ्याच्या हाती देऊन कडेला उभे राहणे सोपे नसते. आपल्या मराठी पेढ्या, छापखाने, खानावळी ह्यांतल्या किती एक केवळ ह्याच कारणाने एका पिढीत मिटल्या! मालकाने झारी सोडली नाही, आणि मुलाने ती हाती कशी धरावयाची हे शिकण्यापूर्वीच मालक गेला.

झारी सोडली तरी हात शिवशिवतात, हेही खरे. इन्फोसिसमध्ये संस्थापकांनी पाळीपाळीने कारभार केला. २००२ मध्ये निलेकणी, २००७ मध्ये गोपालकृष्णन, २०११ मध्ये शिबूलाल. २०१४ मध्ये प्रथमच बाहेरचा माणूस, विशाल सिक्का, आणला गेला. पुढे संस्थापक आणि संचालक मंडळ ह्यांच्यात एका कंपनीच्या खरेदीवरून आणि काही मोबदल्यांवरून जाहीर वाद झाला. गैरव्यवहार आढळला नाही असे मंडळ सांगत राहिले. परंतु ऑगस्ट २०१७ मध्ये सिक्कांनी राजीनामा दिला, निलेकणी अध्यक्ष म्हणून परत आले, आणि जानेवारी २०१८ पासून सलील पारेख मुख्याधिकारी झाले. कोण बरोबर, कोण चूक, ह्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच दिसते की 'नाही' म्हणण्याची जागा खोलीच्या आत हवी. आत ते ऐकले गेले नाही, किंवा बोलणारा खोलीबाहेर गेला असला, की तेच 'नाही' वर्तमानपत्रांतून बोलले जाते, आणि मग ते सर्वांनाच महाग पडते.

येथे कोणी आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. प्रत्येकजण 'नाही' म्हणू लागला तर गाडी हलणार कशी? आम्हांस अडवणूक करणारे मंडळ नको आहे. चर्चेस शेवट हवा, आणि शेवटचा शब्द कोणा एकाचाच हवा. निर्णय झाल्यावर ज्याने विरोध केला त्यानेही तो आपलाच मानून राबले पाहिजे. बाहेर येऊन 'मी तर सांगितलेच होते' म्हणणारा माणूस मंडळाच्या कामाचा नव्हे. परंतु निर्णयापूर्वीचे 'नाही' आणि निर्णयानंतरची कुरकुर ह्या दोन वस्तू वेगळ्या आहेत. पहिलीस जेथे जागा नसते, तेथे दुसरीचे पीक येते.

आता आजच्या दिवसांविषयी थोडे, कारण नाक्यावरच्या बसमध्ये बसणाऱ्यांस तेच जवळचे. २०२१-२२ ह्या एका वर्षात एकट्या टीसीएसने आपली संख्या निव्वळ एक लाखाहून अधिकांनी वाढविली. इतर कंपन्यांतही तीच लाट होती. जुलै २०२५ मध्ये त्याच टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले; त्यांतली बहुतेक मधल्या आणि वरच्या पायरीवरची. कौशल्याचा मेळ बसत नाही असे कारण कंपनीने दिले. मधल्या काळात ह्या धंद्यात अशीही मुले होती की नेमणुकीचे पत्र हाती असून वर्ष-दोन वर्षे रुजू होण्याची वाट पाहत घरी बसली. धंद्यात भरती-ओहोटी येणारच, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तर पुष्कळ हिशेब नव्याने मांडावयास लावले आहेत. माणसे कधीच कमी करू नयेत असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न भरतीच्या वेळचा आहे. लाट आली तेव्हा सगळेच घेत आहेत म्हणून घ्या असे म्हणणारे पुष्कळ असतील. 'ही माणसे पाच वर्षांनी काय काम करतील?' असे विचारणारा कोणी शेजारच्या खुर्चीत होता काय? चाळिशीतल्या माणसास काढण्याचा निर्णय कागदावर आज होतो. पण त्याला वेळीच नवे काही शिकविले नाही, हा निर्णय कित्येक वर्षांपूर्वी, न बोलताच झालेला असतो.

म्हणून ह्या सभेतल्या तरुणांस आमचे एक सांगणे आहे. नोकरीसाठी मुलाखतीस जाल तेव्हा पगार विचारा, तो विचारलाच पाहिजे. पण संधी मिळाली तर हेही विचारा की येथे काम लांबणार असे दिसले तर ते वर कोण सांगतो, आणि सांगणाऱ्याचे पुढे काय होते? उत्तर देणारा अडखळला तर तुम्हांस उत्तर मिळाले. आणि तुमच्यापैकी जे कोणी उद्या स्वतः त्या वरच्या खोलीत जाऊन बसाल, त्यांनी आमच्यासारखे कागदाकडे पाहू नये.

हा नियम मोठ्या कंपन्यांचाच आहे असेही नाही. पतपेढी असो, शाळेची समिती असो, गृहनिर्माण सोसायटी असो. जेथे लोकांचा पैसा आणि लोकांचा वेळ चार माणसांच्या हाती असतो, तेथे तो लागू आहे.

शेवटी आमच्या व्यापारी मित्रांच्या बाजारातच परत येतो. तेथे माथाडी कामगारांची टोळी जड माल उचलताना आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. मुकादम सांगतो आणि सर्वजण एकदम जोर लावतात. परंतु उचलता उचलता एखाद्याची पकड सुटते आहे असे वाटले की तो ओरडतो, 'थांब!' तो टोळीतला सर्वांत नवा का असेना, त्याक्षणी सारे थांबतात, मुकादमसुद्धा. तू कोण सांगणारा, असे तेथे कोणी विचारीत नाही; कारण ओझे सर्वांच्या हाती असते, आणि ते पडले तर कोणाच्या पायावर पडेल हे सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. वरच्या खोलीतली अडचण एवढीच की तेथे ओझे दिसत नाही, आणि पाय तर मुळीच दिसत नाहीत. ते दिसत नसले तरी आहेत, एवढे ज्या मंडळास सदैव स्मरते, ते चांगले चालकमंडळ.

आता कोणास काही 'नाही' म्हणावयाचे असेल, तर अध्यक्षांनी त्यास जरूर वेळ द्यावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.